वारस नोंद आधी, हक्कसोड नंतर: वडिलांच्या पश्चात करावयाची कायदेशीर कामे

प्रश्न थोडक्यात असा: वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, चार महिन्यांपूर्वी वारले. मृत्युपत्र केलेले नाही. मागे आई, मोठा भाऊ आणि आम्ही दोन विवाहित बहिणी आहोत. धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वीच गेला. त्याची पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. सातारा जिल्ह्यात गावी आजोबांकडून आलेली एक हेक्टर जिरायत शेती, कराडला सोसायटीत वडिलांनी घेतलेला फ्लॅट आणि बँकेत मुदत ठेवी आहेत. फ्लॅटला आणि ठेवींना मोठा भाऊ नॉमिनी आहे. तो म्हणतो, ‘हे सगळे माझ्याच नावे आहे, शेतीसाठी तुम्ही दोघी आणि वहिनी हक्कसोडपत्रावर सह्या करा, म्हणजे सातबाऱ्याचे काम एकदाच होऊन जाईल.’ सही करावी का, आणि पुढे काय कसे करावे?

ताई, वडिलांचे वर्षश्राद्धही झालेले नसताना कागदांचा विचार करावा लागणे किती जड जाते, हे मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना फार जवळून पाहिले आहे. म्हणून पहिले उत्तर अगदी स्पष्ट देतो: आत्ता सही करू नका. याचा अर्थ भावाशी भांडा असा नाही, आणि पुढे कधीच हक्क सोडू नका असाही नाही. वारस नोंद आणि हक्कसोड ही दोन निरनिराळी कामे आहेत. वडील गेल्यामुळे कायद्याने कोण कोण हक्कदार झाले, एवढेच वारस नोंद सांगते, तर हक्कसोड म्हणजे त्या हक्कदारांपैकी कोणी आपला हिस्सा स्वखुशीने दुसऱ्याला देणे. पहिल्या कामासाठी दुसऱ्याची काहीही गरज नसते. ‘एकदाच होऊन जाईल’ म्हणून ही दोन्ही कामे एका दिवशी उरकली गेली, की पुढच्या पिढीपर्यंत पुरणारे वाद तयार होतात.

आता हक्कदार कोण ते पाहू. मृत्युपत्र नसल्यामुळे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. वडिलांच्या स्वतंत्र मालकीच्या मिळकतीत पहिल्या वर्गाच्या वारसांना एकाच वेळी हक्क मिळतो, आणि तुमच्या घरात हे वारस म्हणजे आई, मोठा भाऊ, तुम्ही दोघी बहिणी आणि आधी वारलेल्या धाकट्या भावाची शाखा. वडिलांच्या आई, म्हणजे तुमच्या आजी, हयात असतील तर त्याही पहिल्या वर्गाच्याच वारस आहेत. त्यांचे नाव लोक हमखास विसरतात. आजी नाहीत असे धरले, तर पाच समान हिस्से होतात. आईला एक, भावाला एक, तुम्हा दोघींना प्रत्येकी एक, आणि पाचवा हिस्सा वहिनी व पुतण्या यांच्यात निम्मा-निम्मा. एक हेक्टर म्हणजे १०० आर. त्यात तुमचे २० आर, बहिणीचे २०, भावाचे २०, आईचे २०, वहिनीचे १० आणि पुतण्याचे १०. बहिणींच्या लग्नात किती खर्च झाला, कोणी आई-वडिलांना सांभाळले, कोण गावात राहते आणि कोण पुण्याला, याने हे आकडे बदलत नाहीत. वहिनींनी पुढे पुनर्विवाह केला तरी एकदा मिळालेला त्यांचा हिस्सा जात नाही.

शेती आजोबांकडून आली म्हणून भाऊ तिला ‘वडिलोपार्जित’ म्हणत असतील. हा शब्द गावात फार सैलपणे वापरला जातो. जमीन आजोबांची स्वतःची असेल आणि ते १७ जून १९५६ नंतर वारले असतील, तर वारसाने वडिलांकडे आलेला हिस्सा कायद्याच्या दृष्टीने वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलेले आहे. जमीन मुळात एकत्र कुटुंबाची असेल, तर हिशोबाची पद्धत बदलते आणि आईचा तसेच वहिनी-पुतण्याचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, परंतु तेव्हाही मुलगी जन्मापासून मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, असते. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. म्हणजे कोणत्याही मार्गाने गेलात तरी तुमचा हिस्सा भावाच्या हिश्शाइतकाच येतो. तरीही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून आजोबांच्या नावापासूनचे सगळे जुने फेरफार नकलेसह काढून घ्या. त्यांत कधी एखादे नाव फक्त ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून लागलेले सापडते, आणि मग चुलत्यांचाही प्रश्न उभा राहतो.

वारस नोंदीचे काम असे चालते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, नाती आणि पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, शिधापत्रिका आणि आधारच्या प्रती जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा. हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. तुम्हाला चार महिने झाले आहेत, पण उशिरामुळे वारसाचा हक्क बुडत नाही, त्यामुळे कोणी घाबरवले तर घाबरू नका. तलाठी गाव नमुना ६क या वारस नोंदवहीत नोंद घेतात, गावात चौकशी होते, नंतर फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या सबंध वाटेवर हक्कसोडपत्र कुठेही लागत नाही. कोणी तोंडी मागितले तर अर्ज लेखी द्या आणि पोहोच घ्या. बहुतेक वेळा मागणी तिथेच संपते. नोटीस आलेली दिसली की तिच्यातील वारसांची यादी स्वतः वाचा. ‘मुली लग्न होऊन सासरी गेल्या’ एवढ्यावर त्यांची नावे गाळलेले फेरफार मी आजही पाहतो. असे झाले तर पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्या. ती मुदत हुकली, तर नोंद प्रमाणित झाल्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

नोंद झाल्यावर सातबाऱ्यावर सहा नावे सामाईकात दिसतील. पुतण्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि वहिनींचे नाव असेल. त्याचा अर्थ अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील), पालनकर्ता आई. ही तीन अक्षरे तुमच्या सबंध प्रकरणात सर्वांत महत्त्वाची आहेत आणि भावालाही ती समजावून सांगायला हवीत. अज्ञान मुलाच्या स्थावर मिळकतीचा हक्क त्याच्या आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता किंवा विकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ८ तसे सांगते. परवानगी मागितली, तर न्यायालय पाहते ते मुलाची निकड किंवा उघड फायदा. फुकट हक्क सोडण्यात मुलाचा कोणता फायदा दाखवणार? वहिनींनी दडपणाखाली मुलाच्या वतीने सही केली, तर तो अठरा वर्षांचा झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो दस्त रद्द करून मागू शकतो. म्हणजे भाऊ आज जे हक्कसोडपत्र करू पाहतात, ते त्यांच्याच मिळकतीवर पुढची बारा वर्षे टांगते ओझे होऊन बसेल, आणि त्या जमिनीवर कर्ज देताना बँकेचा वकील पहिली शंका तीच काढेल. ‘मला द्यायचे नाही’ म्हणण्यापेक्षा ‘हा कागद तुझ्याच उपयोगाचा नाही’ असे सांगितलेले घरात जास्त ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज तर शिकलेल्या घरांतही पक्का बसलेला आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने किंवा सोसायटीने कोणाच्या हाती पैसे अथवा कागद दिले म्हणजे तिची जबाबदारी संपते, एवढेच नामनिर्देशन ठरवते. हाती आलेली रक्कम नॉमिनीने वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायची असते. विम्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हे सरबती देवी प्रकरणात १९८४ मध्येच सांगितले, आणि शेअर व म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निकालात तेच तत्त्व कायम केले. विमा कायद्यात २०१५ मध्ये आई-वडील, पती-पत्नी व मुले यांना लाभार्थी नॉमिनी मानणारी दुरुस्ती झाली आहे, पण ती विम्यापुरतीच आहे. तुमच्या ठेवींना आणि फ्लॅटला तिचा आधार नाही.

म्हणून ठेवींच्या बाबतीत भावाला अडवू नका. नॉमिनी असल्यामुळे बँक न्यायालयाचा दाखला मागणार नाही, आणि रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे सर्व कागद मिळाल्यावर बँकेने पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. मात्र रक्कम निघण्याआधी भावाकडून साध्या भाषेत एक कागद लिहून घ्या: अमुक क्रमांकाच्या ठेव पावत्यांची अमुक रक्कम मी नॉमिनी या नात्याने सर्व वारसांच्या वतीने स्वीकारत आहे. ती रक्कम आई आणि भाऊ यांच्या संयुक्त खात्यात, दोघांच्याही सहीशिवाय पैसे निघणार नाहीत अशा पद्धतीने ठेवा. भावाने असे लिहून देण्यास साफ नकार दिला, तर पैसे निघण्याच्या आधीच वकिलामार्फत बँकेला आणि भावाला नोटीस द्यावी लागेल. बँक केवळ नोटिशीवर थांबायला बांधील नसते, ती न्यायालयाचा मनाई हुकूम मागते. पण नोटीस दिल्याचा पुरावा पुढे उपयोगी पडतो.

फ्लॅटचेही असेच आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ नुसार सोसायटी मृत सभासदाचा हक्क मृत्युपत्र, वारसाचा दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त पाहून वारसाच्या नावे करते. नुसत्या नामनिर्देशनावर आलेली व्यक्ती तात्पुरती सभासद असते. सोसायटीच्या सचिवांना सर्व वारसांची यादी आजच लेखी कळवून पोहोच घ्या. भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) कोणाचेही नाव चढले तरी त्याने मालकी ठरत नाही, पण त्या कागदावर कोणी गिऱ्हाईक आणले तर निस्तरताना वर्षे जातात.

दाखल्यांच्या नावांचाही गोंधळ होतो, तो इथेच सोडवून टाकतो. तहसील कार्यालयातून मिळणारा वारस दाखला निवृत्तिवेतनासारख्या सरकारी कामांना चालतो. बँकेतील ठेवी, शेअर, येणे रकमा यांच्यासाठी नॉमिनी नसेल किंवा वाद असेल, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. घर-जमिनीसाठी आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय वारस प्रमाणपत्र देते. दोनशे वर्षे होत आली तरी हा नियम रोजच्या वापरात आहे. यातला कोणताही दाखला वाटणी करून देत नाही. तुमच्याकडे आज यांपैकी न्यायालयातला कोणताही लागत नाही, तेव्हा कोणी सांगितले म्हणून फी भरून अर्ज टाकू नका.

आता एक नाजूक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. वडील निवृत्त शिक्षक होते, म्हणजे त्यांचे निवृत्तिवेतन खात्यात जमा होत असणार. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाला मृत्यू कळवला नसेल, तर मृत्यूनंतरही ते जमा होत राहते, आणि ते पैसे सरकारचे असतात. पुढे एकरकमी वसूल होतात. माझ्याकडे आलेल्या एका घरात धाकट्या मुलाने वडिलांच्या एटीएम कार्डाने पाच महिने दर महिन्याला पैसे काढले, तेही आईच्या औषधांसाठी. हेतू चांगला होता. पण कोषागाराची वसुली आली तेव्हा खात्यात काही नव्हते, आणि मोठ्या भावाने ती पासबुकाची पाने ‘चोरी’ म्हणून न्यायालयात दाखल केली. खातेदार गेला की त्याचे कार्ड, यूपीआय, सही केलेले कोरे धनादेश आणि त्याने दिलेले कुलमुखत्यारपत्र, सगळ्यांचे बळ त्याच क्षणी संपते. म्हणून उद्याच बँकेत मृत्यूचा दाखला द्या, कार्ड बंद करा आणि निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयात आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करा. निवृत्तिवेतनाच्या आदेशात आईचे नाव आधीच असेल तर हे काम लवकर होते. कुटुंब निवृत्तिवेतन हा आईचा स्वतःचा हक्क आहे, तो वारसांत वाटला जात नाही, आणि त्यावर कोणाचीही सही लागत नाही.

बँकेत गेलात की पासबुक मागच्या दोन-तीन वर्षांचे भरून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. विम्याचा हप्ता, लॉकरचे भाडे, पतसंस्थेचा हप्ता, गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज हे सगळे तिथेच सापडते. वर्षातून एकदा २० रुपये गेलेले दिसले, तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा असतो. तो अपघातालाच लागू पडतो. धाकट्या भावाचेही पासबुक वहिनींकडून मागवा. मे-जूनच्या सुमारास ३३० किंवा ४३६ रुपयांची वजावट दिसली, तर तो जीवन ज्योती विमा असतो आणि त्याची रक्कम दोन लाख रुपये असते. दावा वेळेत करायचा असतो आणि तीन वर्षे उलटली आहेत, त्यामुळे मी भरवसा देत नाही, पण शाखेत लेखी विचारणा केल्याशिवाय तो नाद सोडू नका. वडिलांचे कर्ज निघाले तर त्याची जबाबदारी वारसांवर मिळालेल्या मिळकतीपुरतीच येते, कोणाच्या पगारावर किंवा स्वतःच्या घरावर नाही.

गाडी असेल तर आरटीओत नमुना ३१, आणि वडिलांचे आयकर विवरणपत्र भरले जात असेल तर या वर्षीचे वारसाने भरायचे. या दोन्हींत फार अडचण येत नाही.

हे सगळे मोजून झाले, कर्जे फिटली, आणि सहा नावांचा सातबारा हाती आला, की मग वाटणीला बसा. तेव्हाही आईला मध्ये ठेवून बसा. वीस-दहा आरांचे तुकडे प्रत्यक्ष पाडणे तुकडेबंदी कायद्यामुळे अडू शकते, कारण जिरायतीसाठी प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आहे आणि वहिनी व पुतण्या यांचे दहा-दहा आर त्याच्या आत येतात. तेव्हा जमीन भावाने करावी आणि ठेवींतून किंवा फ्लॅटमधून इतरांचे भरून द्यावे, अशी मांडणी तुमच्या घरात सोयीची दिसते. पुतण्याच्या हिश्शाला परवानगी लागेल, म्हणून त्याचे दहा आर शेतीतच राहू द्यावेत आणि बाकीच्यांनी त्याच्या भोवती व्यवस्था करावी, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते. कोणी आपला हिस्सा विकायला काढला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सहवारसांना आधी घेण्याचा हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो शेतजमिनीलाही लागू असल्याचे म्हटले आहे.

तुम्हा बहिणींना खरोखरच काही घ्यायचे नसेल, तर तेही मान्य आहे. माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून मनापासून हक्क सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या निर्णयाला मी कधी नावे ठेवली नाहीत. फक्त हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते, त्यात कोणता गट, किती क्षेत्र, कोणाच्या लाभात हे स्वच्छ लिहिलेले असावे, आणि ‘इतर सर्व स्थावर-जंगम मिळकत’ असे शब्द असतील तर ते काढायला लावा. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी दुय्यम निबंधकांकडे नेलेली एक बाई माझी पक्षकार आहे. तिला वाटले शेतावर सही करते आहे; त्या चार शब्दांत बाजारपेठेतला गाळाही गेला. दस्त रद्द करून मागायला कळल्यापासून तीन वर्षेच मिळतात, आणि ‘वाचले नव्हते’ हे सिद्ध करणे सहीपेक्षा कितीतरी अवघड असते. हक्क सोडायचाच असेल तर भावाऐवजी आईच्या लाभात सोडण्याचा विचार करा. आईही सहहिस्सेदार असल्यामुळे ते चालते, आणि घराचा आधार तिच्या हातात राहतो.

मग आईने स्वतःचे मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही, साध्या कागदावर तिच्या अक्षरात लिहिलेलेही चालते. तरी शुल्क नगण्य आहे, म्हणून नोंदवून घ्यावे. त्यात आईचे म्हणून जे आहे तेवढेच लिहावे, अख्खे घर आणि अख्खी शेती नव्हे. वहिनी-पुतण्याला काय आणि तुम्हा मुलांना काय, हे तिने एकटीने, तुम्ही कोणी शेजारी नसताना वकिलाला सांगावे. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. दोन साक्षीदारांनी आईला सही करताना पाहून मग स्वतः सह्या कराव्यात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नये, आणि दोघांपैकी एक तरी आईपेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान असावा, कारण वाद झाला तर त्या सह्यांपैकी एक करणाऱ्याला न्यायालयात उभे राहून ‘ही सही माझ्यासमोर झाली’ असे सांगावे लागते.